टेकडीवरच्या समस्त कुत्रेवाल्यांस

ब्रुनोची आई, शेरूचे बाबा, दोन डॅशहुंडवाले आजोबा, बीगलवाल्या ताई, आणि ज्यांच्या कुत्र्याचा वाढदिवस पाठ आहे पण स्वतःचं नाव विचारायचं आठ वर्षांत राहून गेलं असे बाकी सगळे,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर बोलायला गेलो तर मधेच माझा आवाज जाईल आणि तुम्ही पाठीवर थोपटून विषय बदलाल, म्हणून लिहून काढतोय. गुंड्या गेल्यापासून मी टेकडीवर रिकाम्या हाताने येतो, तरी तुम्ही मला 'गुंड्याचे बाबा'च म्हणता. त्या नात्याने हे पत्र.

नोव्हेंबरातली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. खाणीच्या कडेला थर्मासातला चहा चालला होता आणि बीगलवाल्या ताईंनी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. अमेरिकेतला फुटबॉलपटू टॉम ब्रेडी, त्याची लुआ नावाची कुत्री दोन वर्षांपूर्वी गेली, आणि आता घरात हिंडणारी 'जुनी' नावाची कुत्री ही तिचीच क्लोन, म्हणजे तिच्याच पेशीपासून घडवलेली, आहे. मरण्याआधी लुआचं थोडं रक्त काढून ठेवलं होतं म्हणे. त्यावर शेरूच्या बाबांनी मतदान घेतलं. पैशाचा प्रश्न नसेल तर कोण कोण करेल? सात जणांपैकी पाच हात वर झाले. (पैशाचा प्रश्न नसेल तर या अटीवर पुण्यात कशालाही हात वर होतात, ती गोष्ट वेगळी.) मग तुम्ही सगळे माझ्याकडे वळलात. मी म्हणालो, "बघू."

पुण्यात 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, तोच तुम्ही घेतलात आणि सोडून दिलंत. माझं 'बघू' त्याहून लाजिरवाणं होतं. माझं बघून झालेलं होतं.

श्रावणात, ज्या रात्री गुंड्या गेला, त्या रात्री दोनच्या सुमाराला मी मोबाइलवर हेच शोधत होतो. टेक्सासातल्या व्हायाजेन या कंपनीच्या पानावर सूचना होत्या, आणि त्या मला अजून तोंडपाठ आहेत. कुत्रं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका, पाचएक दिवसांपर्यंत पेशी घेता येतात. सगळं शरीर ओल्या टॉवेलांत गुंडाळा. फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका.

मी उठलो, फ्रिज उघडला. खालचा कप्पा काढला. इडलीच्या पिठाचं पातेलं, दूध, कोथिंबिरीचा डबा असं सगळं ओट्यावर मांडलं. गुंड्या धडधाकट होता तेव्हा चोवीस किलोचा, किडन्या गेल्यावर एकोणीसवर आलेला. मी मनातल्या मनात त्याचे पुढचे पाय दुमडून पाहिले, मग मागचे. शेपटीचं काय करायचं ते कळेना. फ्रिजच्या दिव्याचा उजेड बाहेरच्या खोलीत पडला असणार, कारण बायको येऊन दारात उभी राहिली. तिने ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या ओल्या टॉवेलाकडे पाहिलं.

"पीठ उतू जाईल," ती म्हणाली. आणि पातेलं उचलून तिने परत आत ठेवलं.

सकाळी आम्ही त्याला मेहुण्याच्या पौडजवळच्या शेतात नेलं. टॉवेल त्याच्या अंगाभोवतीच राहू दिला.

तेव्हा हात वर करणाऱ्या पाचांना मी हसेन असं समजू नका. त्या रात्री कुणी माझ्यापुढे कागद धरला असता तर मी पेन्शनच्या खात्यासकट सही केली असती. पन्नास हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने चव्वेचाळीस लाखांच्या घरात. नव्हतेच, म्हणून वाचलो. पण पैसे नव्हते म्हणून वाचलेला माणूस आणि विचार करून 'नाही' म्हणणारा माणूस यांत फरक असतो. गेले तीन-चार महिने मी या पहिल्या माणसाचा दुसरा होतोय का ते तपासत होतो. त्यासाठी बरंच वाचलं. त्या रात्री जे वाचायचं राहिलं होतं, ते.

आधी ब्रेडीचं संपवतो. ज्या कोलोसल बायोसायन्सेस कंपनीची तोंडभरून स्तुती त्या बातमीत होती, तिच्यात त्याचे स्वतःचे पैसे गुंतलेले आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी त्या कंपनीने व्हायाजेन विकत घेतल्याची घोषणा झाली. त्याचं लुआवरचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण आपण चहा पिताना जी वाचली ती अर्धी बातमी आणि अर्धी जाहिरात होती, एवढं लक्षात असू द्या.

आता मुद्द्याची गोष्ट. क्लोन म्हणजे झेरॉक्स अशी आपली समजूत असते. मशीनमध्ये गुंड्या घातला, बटण दाबलं, दुसऱ्या बाजूने गुंड्या बाहेर. प्रत्यक्षात त्या मशीनच्या जागी कुत्र्या असतात. जिवंत माद्या. आपण सगळे कुत्रेवाले, एवढी चर्चा केली, पण त्यांच्याबद्दल एकानेही विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

गुंड्याच्या कातडीचा नखाएवढा तुकडा घेतला की त्यातून लाखो पेशी वाढवता येतात. प्रत्येकीच्या केंद्रकात त्याची अख्खी कुंडली. पण नुसत्या कुंडलीचा जीव होत नाही, त्याला बीज, म्हणजे अंडं, लागतं, आणि ते एखाद्या मादीचं घ्यावं लागतं. गाई-म्हशींचं बरं असतं. म्हशीचं अंडाशय खाटीकखान्यातून आणून त्यातली बीजं प्रयोगशाळेत पिकवता येतात. कुत्रीची तऱ्हा निराळी. तिचं बीज अंडाशयातून कच्चंच सुटतं आणि बीजवाहिनीत उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी पिकतं. ते बाहेर, बशीत पिकवायला शास्त्रज्ञांना अजून धड जमलेलं नाही. त्यात कुत्री वर्षातून साधारण दोनदाच माजावर येते. म्हणजे ती माजावर येण्याची वाट पाहायची, रक्त तपासत मुहूर्त साधायचा, भूल द्यायची, पोट उघडायचं आणि नळीतून बीजं धुऊन काढायची. मग त्या बीजाचं स्वतःचं केंद्रक शोषून फेकून द्यायचं, तिथं गुंड्याची पेशी बसवायची, विजेचा बारीक झटका द्यायचा. गर्भ धरल्यासारखा दिसला की तो आणखी एका मादीच्या पोटात ठेवायचा. पुन्हा भूल, पुन्हा टाके. आणि दोन महिन्यांनी बऱ्याचदा सिझेरियन.

जगातला पहिला क्लोन कुत्रा २४ एप्रिल २००५ला सोलमध्ये जन्मला. अफगाण हाउंड जातीचा, नाव स्नपी. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीची आद्याक्षरं आणि इंग्रजीतलं 'पपी' जोडून केलेलं. ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाच्या चमूने तो केला. या गृहस्थांचं मानवी स्टेम सेलवरचं गाजलेलं संशोधन पुढे बनावट निघालं, पण कुत्रा तपासला तर तो खरा निघाला! तर त्या एका स्नपीसाठी १,०९५ गर्भ तयार केले, ते १२३ माद्यांच्या पोटात ठेवले. त्यातल्या तीन गाभण राहिल्या. एकीचा गर्भ पडला. दोन पिल्लं जन्मली, त्यातलं एक बाविसाव्या दिवशी न्यूमोनियाने गेलं.

एकशे तेवीस. आपल्या टेकडीवर रविवारी सकाळी, सगळे आले तरी, एवढी कुत्री जमत नाहीत.

आता खरं ते खरं सांगायला हवं, नाहीतर आजोबा उद्या मला खिंडीत पकडतील. हे आकडे २००५चे. स्नपी पुढे दहा वर्षं जगला, आणि त्याच्याच पेशींपासून पुन्हा क्लोन केले तेव्हा ९४ गर्भ सात माद्यांना पुरले. चार पिल्लं झाली, एक चार दिवसांत गेलं, तीन चांगली वाढली. हात बसत गेला. क्लोन अर्धवट आयुष्याचे असतात, लवकर म्हातारे होतात, हे आपण डॉली या क्लोन मेंढीपासून ऐकत आलो, तेही सरसकट खरं नाही. डॉली साडेसहा वर्षांची असताना गेली ती फुप्फुसाच्या विषाणूजन्य गाठीने. तेव्हा माझं भांडण क्लोनच्या तब्येतीशी नाही. माझा प्रश्न त्या सातांचा आहे. त्या कुणाच्या? कितव्यांदा पोट उघडलं? टाके सुकल्यावर त्यांना कुणी टेकडीवर नेलं का? कंपन्यांच्या पानांवर मालकिणीच्या मांडीवरचं पिल्लू पाहून पाहून डोळे दुखले, बीज देणाऱ्या मादीचा एक फोटो मला सापडला नाही.

आणि मागणी एका पिल्लाची असली तरी पोटात किती टिकतील हे आधी सांगता येत नाही. २००८मध्ये सोलच्याच एका कंपनीने एका अमेरिकन बाईंना त्यांच्या बूगर नावाच्या कुत्र्याचे क्लोन करून दिले. पाच झाले. एक बूगर गेला, पाच बूगर आले. आपल्यातल्या कुणाच्या फ्लॅटमध्ये हे बसेल? कोरियाच्या कस्टम खात्याने वास काढण्यात पटाईत अशा एका लॅब्रेडॉरचे क्लोन करून घेतले, तर त्या पिल्लांना वेगवेगळी नावंसुद्धा दिली नाहीत. सगळी टॉपी. तिथं ते चालतं, कारण तिथं हवं होतं ते नाक. अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या लाडक्या कोनान या कुत्र्याचे क्लोन करून घेतले, त्यांना अर्थतज्ज्ञांची नावं दिली. हौसेला मोल नाही.

मी हे सगळं वाचत होतो आणि मला राहून राहून काळी आठवत होती. तुमच्यापैकी कुणी तिला पाहिलेलं नाही. ती गुंड्याची आई. पौड रस्त्यावर एका गॅरेजमागे, जुन्या टायरांच्या आडोशाला व्याली होती. सहा पिल्लं, त्यातली तीन पहिल्याच आठवड्यात पावसाने गेली. आम्ही दोघं रोज संध्याकाळी दूध-भाकरी घेऊन जायचो. पिल्लं पाहायला म्हणून गेलो, पण पोसायचं तिला असतं हे गॅरेजवाल्या पोराने शिकवलं. "तिला घाला, तीच त्यांना घालती," तो म्हणायचा. दीड महिन्याने एक पिल्लू आम्ही उचललं, रिक्षात बसलो. काळी रिक्षामागे पळत आली. सिग्नलपर्यंत. तिथे ती थांबली, कारण तिची दुसरी दोन मागे होती.

बायकोला मी तेरा वर्षं सांगत आलो की मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं होतं.

पुढे आम्ही काळीचं ऑपरेशन करून घेतलं. कानाला खाच पाडून ती परत गॅरेजमागे आली, आणि आम्ही दिसलो की शेपूट हलवायची. एवढा मोठा गुन्हा एवढ्या स्वस्तात कुणी माफ केलेला मी पाहिला नाही. तेव्हा मी काही साधू नाही, दुसऱ्याचं पिल्लू उचलूनच मी 'बाबा' झालो. पण तिचं मला सगळं ठाऊक आहे. ती कुठे झोपायची, कशाला घाबरायची, कधी गेली. गुंड्याच्या क्लोनला आई किती? पेशी देणारा गुंड्या, बीज देणारी एक, पोट देणारी दुसरी. हे नातं कुठल्या शब्दात बसवायचं?

यावर कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिका-कोरियातलं, आपल्याला काय. तर कर्नालला जाऊन या. तिथल्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९पासून म्हशींचे क्लोन होताहेत. पहिलं रेडकू काही दिवसांत गेलं, मग गरिमा झाली. १६ मार्च २०२३ला तिथंच गंगा जन्मली, क्लोन केलेली गीर कालवड, जन्मताना बत्तीस किलोची. पेशी गीर गाईची, बीज साहिवाल गाईचं, आणि पोट एका संकरित गाईचं. एका गंगेमागे तीन गाई. दुधाच्या वंशासाठी हे करावं की नाही यावर शेतकऱ्यांनी भांडावं, तिथे निदान हिशेब मांडता येतो. पण विद्या देशात आहे. तिला सोफ्यावरच्या कुत्र्यापर्यंत यायला फार वर्षं लागतील असं मला वाटत नाही, आणि आली की पहिलं दुकान कोथरूड-बाणेरमध्येच उघडेल.

बरं, या सगळ्यानंतर मिळतं काय? माद्यांचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवू. तोच कुत्रा मिळतो का?

टेक्सासमध्ये २००१च्या डिसेंबरात पहिली क्लोन मांजर झाली, सीसी. जिची क्लोन ती रेनबो, तिरंगी मांजर, आपल्याकडे असते तशी केशरी-काळी-पांढरी. सीसी मात्र करड्या पट्ट्यांची आणि पांढरी, केशरी ठिपका औषधालाही नाही. गंमत अशी की मांजरीतला केशरी रंग एक्स गुणसूत्रावर बसतो. मादीत एक्स दोन, आणि प्रत्येक पेशीत त्यातलं एक गप्प केलेलं असतं. ज्या एका पेशीपासून सीसी झाली तिच्यात केशरीवालं गप्प होतं, ते गप्पच राहिलं. गुणसूत्रं तीच, मांजर दुसरी दिसणारी. कुत्र्याच्या छातीवरचा पांढरा डागही असाच, रंगाच्या पेशी पोटात कुठवर सरकल्या त्यावर ठरतो. सीसी अठरा वर्षं सुखाने जगली, पिल्लं झाली, सगळं झालं. ती फक्त रेनबो नव्हती.

गायिका बार्बरा स्ट्रायसँडच्या समँथा या कुत्रीचे क्लोन झाले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की पिल्लांचे स्वभाव वेगवेगळे आहेत, आणि समँथाचा गंभीरपणा त्यांच्यात उतरतो का याची त्या वाट पाहताहेत. दोघींना घेऊन त्या समँथाच्या थडग्यापाशी गेल्या, त्याचा फोटोही आहे. पांढऱ्याशुभ्र दोन कुत्र्या, आणि समोर दगडावर तिसरीचं चित्र. मी तो फोटो खूप वेळ पाहिला. परत आली असती तर थडग्यापाशी कशाला जावं लागलं असतं?

आणि गुंड्याचं म्हणाल तर, त्याचा डावा कान फाटलेला होता. तो मंत्र्या नावाच्या भटक्याने फाडला होता, खाणीच्या वरच्या पायवाटेवर, तुमच्यापैकी दोघं साक्षीला होतात. तो कान क्लोनमध्ये येणार नाही. कुकरच्या शिट्टीला तो घाबरायचा नाही, पण मिक्सरला घाबरायचा. का ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ते येईल की नाही, देव जाणे. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, तेवढं मात्र नक्की येईल.

पण एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला माहीत नाही. तो आमच्याकडे आला तेव्हा माझी आई होती. सोवळ्याची. कुत्रं घरात आणलं म्हणून चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिने एक तह केला. बाहेरच्या खोलीत फिरू दे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. दीड महिन्याचं पिल्लू ते, त्याला काय तह कळणार? ते उंबऱ्याशी आलं की ती खुर्चीवरून न उठता नुसता हात वर करायची आणि म्हणायची, "अं हं." मारलं कधी नाही. ओरडलीही नाही. महिनाभरात गुंड्या उंबऱ्याला नाक लावून बसायला लागला, आणि ती पोळ्या करता करता पहिली पोळी त्याच्याकडे सरकवायची. गाईची पोळी कुत्र्याला! पुढे तर ती त्याच्याशी गप्पा मारायची, माझ्या तक्रारी सांगायची. पण उंबरा तो उंबराच.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर आम्ही त्याला कितीदा आत बोलावलं. बायकोने पनीर दाखवलं. तो यायचा, उंबऱ्याशी थांबायचा, तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायचा आणि खाली बसायचा. शेवटच्या आठवड्यात त्याला दिसतही नव्हतं नीट, पाय लटपटत होते, तरी पाणी प्यायला आला तो उंबऱ्याच्या अलीकडे थांबला. भांडं आम्हीच बाहेर आणलं.

ही गोष्ट कातडीच्या कुठल्या तुकड्यात आहे? गुंड्या परत आणायचा तर आधी आईला आणावं लागेल, आणि तिला त्याच्यावर चार दिवस रुसावं लागेल.

ब्रुनोच्या आई, हे पत्र सगळ्यांना असलं तरी थोडं तुम्हालाच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दिवशी हात वर करणाऱ्यांत तुमचा हात सगळ्यात आधी होता आणि सगळ्यात शेवटी खाली आला. परवा उतरताना तुम्ही म्हणालात की मुलगा न्यू जर्सीहून पैसे पाठवायला तयार आहे, निदान नमुना काढून ठेवू, क्लोनचं पुढे पाहता येईल, काढून ठेवायला काय जातं. मुलाला वाईट म्हणू नका, त्याला एवढ्या लांबून दुसरं काही करता येत नाही. तुम्ही घरात एकट्या, ब्रुनो अकराचा, लॅब्रेडॉरच्या मानाने म्हातारा. त्याच्यामागे काय, हा प्रश्न तुम्हाला रात्री जागवत असणार. मला कळतं.

काढून ठेवायला काय जातं, याचं माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही. चिमूटभर कातडी जाते, कंपनीला वर्षाचं भाडं जातं. पण नमुना एकदा थंडीत जाऊन बसला की ब्रुनो आणि तुमच्यामध्ये एक मुदतठेव येऊन बसते. तो खोकला की तिची आठवण. आणि तो गेल्यावर, ज्या दिवसांत माणसाने नुसतं रडावं, त्या दिवसांत तुम्ही ई-मेलला उत्तरं देत असाल. मी एका रात्रीपुरता त्या रांगेत उभा राहिलोय. बायकोने ते पातेलं परत आत ठेवलं नसतं, तर गुंड्याच्या शेवटच्या रात्री मी त्याच्याजवळ बसलोच नसतो, कप्पे मोजत बसलो असतो.

मुलाला एक मात्र विचारायला सांगा. आपण पैसे देणार आहोत, गिऱ्हाईक आहोत, आपला हक्क आहे. एका पिल्लामागे तुमच्याकडे किती माद्यांचं पोट उघडतं? त्या कुठून येतात, एकीला कितीदा वापरता, नंतर त्या कुठे जातात? जास्तीची पिल्लं झाली तर कुणाची? चार साधे प्रश्न. भाजीवालीला आपण याहून जास्त विचारतो. उत्तरं समाधानाची आली तर मला दाखवा, मी माझं मत पुन्हा तपासेन. शेरूच्या बाबांनाही हीच विनंती. पुढचं मतदान घ्याल तेव्हा 'पैशाचा प्रश्न नसेल तर' या अटीऐवजी 'बीज देणारी कुत्री शेरूच असेल तर' ही अट घालून पाहा. (शेरू मादी आहे हे नव्या लोकांना माहीत नसतं, नावावर जाऊ नका.)

माझा हात त्या वेळीही खालीच असेल. या खेपेला 'बघू' म्हणणार नाही.

आणि हो, ब्रुनोच्या आई, काल तुम्ही तिसऱ्या वळणावरूनच परत फिरलात असं आजोबा म्हणाले. त्याच्या मागच्या पायांना तो चढ आता झेपत नाही. गुंड्यालाही शेवटचं वर्षभर झेपत नव्हता. त्याच्या पोटाखालून घालायची कापडी झोळी बायकोने जुन्या चादरीची शिवली होती, ती अजून घरात आहे, दोन्ही बाजूंना धरायला बंद आहेत. उद्या मी साडेसहाला त्या वळणावर थांबतो. मागची बाजू मी उचलतो, तुम्ही पुढे चालत राहा. तो तुमच्या पाठीकडे बघत येईल.

आपला,
गुंड्याचे बाबा